परदेशी रिसॉर्टमधील प्रशिक्षणार्थी आणि जोयडा तालुका



परदेश ही जोयडा तालुक्याला दूरची गोष्ट कधीच नव्हती. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परक्या सत्तेची हद्द ह्याच तालुक्याला लागून होती. कॅसलरॉकच्या स्थानकावर गाडी थांबे, उतारूंच्या पेट्या उघडल्या जात, सीमाशुल्काचे शिपाई गाठोडी चाचपून पाहत, आणि घाट उतरून गाडी कुळ्याच्या स्थानकात शिरली की पोर्तुगीज अंमल सुरू होई. परदेशी जाण्यास येथल्या माणसाला एक घाट उतरणे पुरे होते. गोवा मुक्त झाला आणि घाटाखालचा परदेश स्वदेश झाला. आज तरुणांच्या तोंडी जो परदेश असतो तो समुद्रापलीकडचा आहे : दुबई, मस्कत, मालदीव, मलेशिया, मॉरिशस, अमेरिका. तेथे जाण्याचा जो मार्ग आता अनेकांपुढे ठेवला जातो त्याचे नाव ‘हॉस्पिटॅलिटी ट्रेनी’, म्हणजे एखाद्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या सरबराईचे काम शिकणारा प्रशिक्षणार्थी.

ह्या तालुक्यातील मुलाला रिसॉर्ट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. डिग्गीजवळ उगम पावून १८४ किलोमीटरांचा प्रवास करीत कारवारला समुद्रास मिळणाऱ्या काळी नदीवर सुप्याचे धरण झाले. तालुक्याचे जुने ठाणे सुपा पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसविली गेली. पुढे धरणाखाली गणेशगुडीच्या परिसरात नदीच्या खळाळत्या पाण्यावर रबरी होड्या चालू लागल्या, धनेश पक्षी पाहण्यासाठी दुर्बिणी घेतलेले पाहुणे येऊ लागले. धरण बांधताना सुरुंगाची दारू ज्या कोठारात ठेवीत असत, त्याच कोठाराच्या जागी कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स ह्या उपक्रमाने ‘ओल्ड मॅगझिन हाउस’ नावाचे निवासस्थान चालविले आहे. ज्या धरणाने एक गाव बुडविले त्याच धरणाच्या दारूच्या कोठारात आज पाहुण्यांच्या गाद्या घातल्या जातात, हा काळाचा विचित्र विनोदच म्हणावा लागेल. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात शेतीला व नव्या उद्योगाला मर्यादा आहेत. त्यामुळे खोल्या आवरणे, वाढपी होणे, होडीवर मदतनीस राहणे ही कामे येथील मुलांना जवळची वाटू लागली. गोव्याची हॉटेले तर एका घाटाच्या अंतरावर आहेत. तेथे दोन हंगाम काढलेल्या मुलाला कोणी येऊन सांगतो की, हेच काम परदेशी केलेस तर वर्षभरात घर बांधशील. शिवाय ते नुसते काम नव्हे, प्रशिक्षण आहे. ह्या ‘प्रशिक्षण’ शब्दाखाली नेमके काय दडलेले असते, हे घरातील दागिना मोडण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

सरबराईच्या कामासाठी समुद्र ओलांडणे ही गोष्ट ह्या किनाऱ्याला नवी नाही. गोव्यातील तारवटी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया इत्यादी कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, बटलर आणि स्टुअर्ड म्हणून जात आली. बोट मिळेपर्यंत ती मुंबईस धोबीतलाव, माझगाव ह्या भागांतील आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहत. कूड म्हणजे गावकीने चालविलेली खोली. नाममात्र भाडे, भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची प्रार्थना, आणि गावच्या ग्रामदैवत-संताचा वार्षिक उत्सव. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशी कितीतरी कुडे होती. परंतु कुडाचा खरा उपयोग निवाऱ्यापुरता नव्हता. कोणत्या कंपनीत पगार वेळेवर मिळतो, कोणत्या बोटीवरचा मुख्य स्वयंपाकी हाताखालच्यांना शिकवितो आणि कोण नुसती भांडी घासवून घेतो, भरतीसाठी कोणाला किती द्यावे आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे सारे पहिल्यांदाच निघालेल्या पोराला त्या खोलीतच कळत असे. नवखा माणूस एकटा निघत नसे. गावाचे शहाणपण त्याच्याबरोबर निघे. शिवाय प्रत्येक फेरीची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत होई. वीस वर्षांनी तो कोण होता हे ती पुस्तिका सांगे.

आज दऱ्याखोऱ्यांतील वाडीवरून निघणाऱ्या मुलापाशी भ्रमणध्वनी आहे, पण कूड नाही. त्याला जी माहिती मिळते ती बहुधा त्याच्याकडून पैसे घेणाऱ्याकडूनच मिळते.

हॉटेलचे शिक्षण म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. कोणत्याही मोठ्या हॉटेलात चार मुख्य विभाग असतात : पाहुण्यांचे आगमन-निर्गमन पाहणारे फ्रंट ऑफिस, खोल्या व स्वच्छता पाहणारे हाउसकीपिंग, स्वयंपाकघर, आणि वाढप किंवा फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस. ह्यांच्या पाठीमागे न दिसणारा एक विभाग असतो, स्टुअर्डिंग. तो भांडी, कचरा आणि स्वयंपाकघराची धुलाई सांभाळतो. खरा प्रशिक्षणार्थी ह्या विभागांतून क्रमाक्रमाने फिरतो. हाउसकीपिंगमध्ये तो पलंगाची चादर कोपऱ्यात कशी दुमडावी, कोणते रसायन कोणत्या फरशीला चालते, हे शिकतो. स्वयंपाकघरात कच्चे मांस आणि भाजी ह्यांच्या पाट्या व सुऱ्या वेगळ्या का, शिजविलेले अन्न किती तापमानात ठेवावे, हे शिकतो. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या वहीत वरिष्ठाची सही होते. ज्याला ‘ट्रेनी’ म्हणून नेले आणि बारा महिने भांड्यांच्या कुंडीपुढे उभे केले, त्याने मजुरी केली. मजुरीत कमीपणा नाही. पण मजुरी करणाऱ्याला मजुराचा पूर्ण पगार मिळाला पाहिजे. शिकाऊ म्हणून विद्यावेतन द्यायचे आणि काम मात्र पूर्ण मजुराचे घ्यायचे, ह्यात त्याचे दोन्हीकडून नुकसान होते. वर्षअखेर हातात पैसाही नाही आणि विद्याही नाही.

अमेरिकेची पद्धत येथे उदाहरणादाखल सांगण्यासारखी आहे, कारण तेथे प्रशिक्षण कशास म्हणावे हे नियमातच लिहिलेले आहे. प्रशिक्षणार्थ्यांना तेथे ‘जे-१’ प्रकारचा व्हिसा मिळतो. त्यासाठी ‘डीएस-७००२’ नावाची प्रशिक्षण-योजना भरावी लागते. कोणत्या टप्प्यात कोणता विभाग, तेथे काय शिकविणार, कोण शिकविणार, हे तीत टप्प्याटप्प्याने लिहिलेले असते, आणि तिच्यावर प्रशिक्षणार्थी, हॉटेल व अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्य केलेली पुरस्कर्ती संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. हॉटेल-व्यवसायातील ‘ट्रेनी’चा काळ बारा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. सहा महिने किंवा अधिक काळाच्या कार्यक्रमात निदान तीन विभागांतून फिरविणे बंधनकारक आहे. अकुशल कामासाठी प्रशिक्षणार्थी नेण्यास मनाई आहे. उलट बाजूने, ‘ट्रेनी’ होण्यासाठी उमेदवारापाशी पदवी अथवा पदविका आणि त्यानंतरचा एक वर्षाचा अनुभव, किंवा मग त्या व्यवसायातील पाच वर्षांचा अनुभव असावा लागतो. दहावीनंतर गोव्यात एक हंगाम काढलेल्या मुलाला जो कोणी ‘जे-१ मिळवून देतो’ म्हणून सांगतो, तो एक तर नियम जाणत नाही किंवा जाणून सांगत नाही. हा व्हिसा शिकून परत येण्यासाठी असतो; तो कायमच्या वास्तव्याचा दरवाजा आहे ही समजूतही चुकीची आहे.

सर्वच देशांत इतकी बारकाईची योजना कागदावर असते असे नाही. पण मागावयाचा कागद तोच. कोणत्या विभागात किती आठवडे, हे ज्या पत्रात लिहिलेले नाही ते प्रशिक्षणाचे पत्र नव्हे.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. १९२२ चा जुना कायदा मोडीत काढून १९८३ साली उत्प्रवासन कायदा करण्यात आला. कामासाठी परदेशी जाणाऱ्याचे रक्षण हा त्याचा हेतू. ‘काम’ ह्या शब्दाची व्याख्या करताना त्या कायद्याने हॉटेल, उपाहारगृह आणि चहाचे दुकान ह्यांतील, व्यवस्थापकाची सोडून इतर सर्व सेवा नावानिशी नमूद केल्या आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाढपी आणि खोलीवाला होता. परंतु अंमलबजावणीत एक फट आहे, आणि ती ह्या तालुक्यातील पालकांनी व शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा माणूस आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया आदी ठरावीक १८ देशांत नोकरीस जाणार असेल, तर उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घेतल्यावाचून त्याला जाता येत नाही. त्या मंजुरीच्या निमित्ताने त्याचा करारनामा तपासला जातो, आणि त्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाख रुपयांचा विमा उतरवावा लागतो. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला की हा शेरा निघतो आणि मंजुरीची गरज उरत नाही. घरात आनंद होतो. पण मंजुरीबरोबर तपासणीही गेली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. शिक्षणाने त्याला मोकळीक दिली, आणि नेमक्या त्याच मोकळिकीमुळे त्याचा करार कोणीही पाहिलेला नसतो. मालदीव, मॉरिशस, सेशेल्स ही रिसॉर्टसाठी प्रसिद्ध बेटे तर त्या १८ देशांच्या यादीतच नाहीत. म्हणून दहावी उत्तीर्ण मुलाने स्वतःचा करार स्वतः तपासून घेणे अधिक आवश्यक आहे. १८ देशांपैकी कोठे जात असल्यास शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत स्वेच्छेने नोंदणी करण्याची सोय त्याला आहे.

दलालाच्या प्रश्नाविषयी थोडे अधिक बोलणे प्राप्त आहे, कारण घरे बुडतात ती येथेच. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याने केंद्र शासनाकडून नोंदणी-प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे. त्याचा क्रमांक ई-मायग्रेटवर पाहता येतो. अशा नोंदणीकृत अभिकर्त्याने उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर ह्यांहून अधिक घेऊ नये, आणि पावती द्यावी, असा नियम आहे. नोंदणीवाचून हा धंदा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि २,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. १९८३ साली ठरलेला हा दंड आज एका दिवसाच्या कमाईइतकाही त्या माणसाला जाणवत नसेल! तेव्हा शिक्षेच्या धाकावर विसंबून चालणार नाही. ‘हे नोकरीचे नाही, प्रशिक्षणाचे शुल्क आहे’ असे सांगून मोठी रक्कम मागितली जाते तेव्हा तर अधिकच सावध राहावे. शब्द बदलला म्हणून व्यवहार बदलत नाही.

हिशेब मांडून पाहावा. समजा, एका घराने तीन लाख रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने काढले. मुलाला विद्यावेतन दरमहा पंचवीस हजार रुपये मिळते असे धरू. त्यातून जेवणखाणाचे पाच हजार कापले गेले. उरलेल्या वीस हजारांतील एकही रुपया त्याने खर्च केला नाही असे मानले, तरी बारा महिन्यांचे होतात दोन लाख चाळीस हजार. व्याजाचे बहात्तर हजार त्यातून गेले. हाती राहिले एक लाख अडुसष्ट हजार. मुद्दल तीन लाख. मुलगा वर्षभर राबून, एक चहाही विकत न घेता परत आला, तर घरावर एक लाख बत्तीस हजारांचे कर्ज शिल्लकच. प्रशिक्षणाचा काळ एका वर्षाचाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पुढच्या वर्षी फेडू’ ह्या बोलण्याला आधार राहत नाही. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येक घराने आपले आकडे त्या जागी घालून पाहावेत आणि मगच सावकाराच्या पायरीवर पाऊल ठेवावे.

रिसॉर्टचे म्हणून काही वेगळे गुण असतात. शहरातील हॉटेलचा नोकर पाळी संपली की रस्त्यावर येतो, गावबंधू शोधतो, दुसरीकडे चौकशी करतो. रिसॉर्ट बहुधा वस्तीपासून दूर असते. मालदीवमध्ये तर १९७२ साली कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट निघाले तेव्हापासून एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी रीत पडली. तेथे राहणे, जेवणे, दवाखाना, बाहेर जाण्याची होडी, सारे एकाच मालकाच्या हाती असते. पाहुण्याला जो एकांत सुखाचा वाटतो तोच नोकराला अडचणीच्या वेळी भिंतीसारखा आडवा येतो. म्हणून रिसॉर्टवर जाणाऱ्याच्या पत्रात आठवड्याचे कामाचे तास, सुटीचा दिवस, निवास व भोजनाची कपात, आजारपणाचा खर्च आणि परतीचे तिकीट कोणी काढावयाचे, ह्या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. पर्यटक म्हणून जाण्याच्या व्हिसावर ‘आधी चल, कागद तेथे करू’ असे कोणी म्हटले तर त्या दिवशी बोलणे थांबवावे.

पारपत्राविषयी एक गोष्ट सर्वांस ठाऊक असावी. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ज्याच्या नावाने ते दिले त्याच्यापाशी ते असावयाचे. ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून ते काढून घेण्याचा अधिकार कोणाही मालकाला वा दलालाला नाही. अडचण उद्भवल्यास त्या देशातील भारतीय वकिलातीकडे जावे. तक्रार नोंदविण्यासाठी २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाची ‘मदद’ ही व्यवस्था आहे, आणि अडलेल्या भारतीयांना परत आणण्यासाठी २००९ साली स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी वकिलातींकडे असतो.

परदेशी जाण्याआधी घरच्या अंगणात शिकता येते तेवढे शिकून घ्यावे, कारण हातात कसब असलेल्याला दलालाची गरज कमी पडते. मुंबईस १९५४ साली देशातील पहिली केटरिंग संस्था निघाली. गोव्यात पर्वरी येथे अशीच संस्था आहे आणि ती जोयड्याहून फार लांब नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९ साली ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना सुरू केली. तीत आठवी उत्तीर्ण तरुणांनाही काही आठवड्यांचे स्वयंपाक व वाढपाचे शिक्षण विनाशुल्क दिले गेले. अशा संस्थेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला नोंदवहीची सवय लागलेली असते. तो नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘माझी पुढची पाळी कोणत्या विभागात?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला वर्षभर भांड्यांपुढे उभे करणे कठीण जाते.

मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग ह्या विभागांत मुलींना चांगली मागणी असते. त्यांनाही हेच कागद, हीच पारख. फक्त निवासाची व्यवस्था कोठे, कोणाबरोबर, ह्याचे लेखी उत्तर आल्यावाचून होकार देऊ नये.

राहिला प्रश्न गावाचा. तारवट्याला जे कुडाने दिले ते आज कोणी द्यावे? तालुक्यात कोकणी बोलली जाते, मराठी व कन्नड शाळांतून मुले शिकतात, आणि नेमणुकीचे पत्र मात्र इंग्रजीत येते. आई ते पत्र पदराआड घेऊन शाळेत येते आणि म्हणते, ‘गुरुजी, ह्यात काय लिहिलंय ते जरा वाचून सांगाल?’ त्या वेळी गुरुजींनी केवळ भाषांतर करून थांबू नये. पगाराचा आकडा आहे पण चलन कोणते ते नाही, तास आहेत पण सुटी नाही, ‘ट्रेनी’ आहे पण विभाग नाहीत, हे त्यांनी पेन्सिलीने खूण करून दाखवावे. नववी-दहावीच्या इंग्रजीच्या तासाला असे एखादे पत्र, नावे झाकून, फळ्यावर लिहून वाचावयास दिले, तर व्याकरणाच्या पुष्कळ धड्यांपेक्षा ते अधिक ध्यानात राहील. ग्रामपंचायतीला एक साधी वही ठेवता येण्याजोगी आहे : कोण गेला, कोणत्या देशात, कोणत्या मालकाकडे, कोणामार्फत, किती पैसे देऊन, आणि परत आल्यावर त्याने काय सांगितले. पाच-सहा वर्षांत ती वही गावाचे कूड होईल. तालुक्याच्या अधिकाऱ्यांकडे कोणी विचारावयास आला, तर ‘हे आमच्या खात्यात येत नाही’ ह्या उत्तराऐवजी उत्प्रवासी संरक्षकाच्या बंगळूर कार्यालयाचा पत्ता त्याच्या हाती ठेवणे अवघड नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरात पुष्कळ गडबड असते. देवाला नारळ फुटतो, मावशी-काका भेटावयास येतात, पिशवीत लोणच्याची बरणी बसत नाही. त्या गडबडीत कोणीतरी एकाने बसून पारपत्र, व्हिसा, नेमणुकीचे पत्र, प्रशिक्षण-योजना, विम्याचा कागद आणि दिलेल्या पैशांच्या पावत्या ह्यांच्या तीन-तीन प्रती काढाव्यात. एक प्रत मुलाच्या पेटीत मूळ कागदांहून वेगळी, एक घरी, आणि एक गुरुजींकडे किंवा पंचायतीत. घरच्या प्रतीच्या पाठीवर रिसॉर्टचा पूर्ण पत्ता, त्या देशातील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक आणि परतीची तारीख मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवावी, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनाही ती वाचता येईल.